चुंबळीच्या आकाराचें रोहित्र

डोक्यावर घागर घेऊन पाणी आणण्याचा काळ शहरांतून गेला आणि त्याच्याबरोबर चुंबळही गेली. जुन्या लुगड्याचा पट्टा पिळून त्याचें कडें करावयाचें, आणि त्या कड्याच्या पोकळींतून दुसरी पट्टी आंतबाहेर काढीत सभोंवार वेढे द्यावयाचे, अशी ती साधी वस्तु. आमच्या तरुण वाचकांपैकीं कित्येकांनीं ती पाहिलीही नसेल. परंतु ज्यांच्या घरीं गाणें ऐकण्यासाठीं बऱ्यापैकीं किंमतीचा ॲम्प्लिफायर आहे, त्यांच्या फडताळांत तशाच घाटाची एक वस्तु दृष्टीआड बसलेली असण्याचा पुष्कळ संभव आहे. तिच्यांत लुगड्याऐवजीं पोलादाची पट्टी आणि वेढ्यांना तांब्याची तार, एवढाच फरक. दुकानदार तिला टोरॉइड म्हणतात. वीज कंपन्यांच्या कृपेनें ‘रोहित्र’ हा शब्द आतां खेडोपाडींही रुळला आहे. तेव्हां आम्ही तिला वलयाकार रोहित्र म्हणूं.

ह्या महिन्यांत हा विषय घेण्यास एका घरांतील प्रसंग कारण झाला. आमचे एक वृद्ध आप्त पुण्यांत आपल्या दोन चिरंजीवांसह राहतात. घरांत लहानमोठीं नऊ माणसें. सर्वजण त्यांस तात्या म्हणतात, तेव्हां आम्हीही तेंच नांव वापरतों. तात्यांचें सहस्रचंद्रदर्शन झालें तेव्हां मुलांनीं मिळून त्यांस एक उत्तम ॲम्प्लिफायर भेट दिला. तात्यांचा नेम असा कीं, सकाळीं स्नानसंध्या आटोपली म्हणजे ॲम्प्लिफायर चालूं करून ठेवावा, तो तापेपर्यंत तंबोरा जुळवून अर्धा तास स्वर लावावा, आणि मग एखादी जुनी तबकडी ऐकावी. पन्नास वर्षें चाललेल्या ह्या नेमांत नवा ॲम्प्लिफायर आल्यापासून विघ्न येऊं लागलें. पंचमाची तार लागेना. खुंटी पिळून पाहिली, मणी सरकवून पाहिला, तार बदलून पाहिली. कांहीं दिवशीं ती सहज लागे. कांहीं दिवशीं कितीही केलें तरी पंचम हेलकावे खाई. दोन महिन्यांनीं एके दिवशीं तात्यांनीं तंबोऱ्यास गवसणी घातली व तो भिंतीशीं उभा करून ठेवला. “आतां कान गेले,” एवढेंच ते पत्नीस म्हणाले.

कानाच्या डॉक्टरांनीं तपासून वयाच्या मानानें कान चांगले आहेत असें सांगितलें; परंतु डॉक्टरांच्या यंत्राला पंचम कळतो थोडाच, असें तात्यांचें म्हणणें. इकडे थोरल्या चिरंजीवांस ॲम्प्लिफायरमधून केव्हां केव्हां घुंईं असा आवाज येतो अशी शंका होती. दुकानाचा माणूस दोनदां येऊन गेला; तो दोन्ही वेळां दुपारीं आला, आणि दोन्ही वेळां यंत्र मुकें होतें. ॲम्प्लिफायर परत घेण्याचें दुकानदार नाकारीत होते, व त्यांच्या बाजूनें पाहतां तें अगदींच अन्यायाचें नव्हतें. अशा स्थितींत आम्हांस बोलावणें आलें.

आमच्या घरांत येणारी वीज एका सेकंदांत ५० वेळां पुढेंमागें होते. रोहित्राच्या गाभ्यांतील पोलाद प्रत्येक फेऱ्यांत एकदां एका दिशेनें व एकदां उलट दिशेनें चुंबकित होतें. चुंबकित होतांना पोलाद किंचित् लांबी बदलतें. दिशा कोणतीही असो, बदल तोच. म्हणून गाभा सेकंदाला १०० वेळां थरारतो, आणि रोहित्राचा जो गुणगुणाट ऐकूं येतो तो मुख्यत: १०० आंदोलनांचा. आतां तात्यांचा षड्ज काळी एकचा, म्हणजे सुमारें १३९ आंदोलनांचा. तंबोऱ्याची पंचमाची तार त्याच्या पाऊणपट, म्हणजे १०४ आंदोलनांवर येते. शंभर आणि एकशेंचार! दोन इतके जवळचे स्वर एकत्र झाले म्हणजे आवाज त्यांच्या फरकाइतक्या वेळां, येथें सेकंदास चार वेळां, वरखालीं होतो. तंबोरा जुळविणारा माणूस हेच हेलकावे ऐकून ते थांबेपर्यंत खुंटी फिरवीत असतो. फडताळाच्या लांकडी फळीनें तो १०० चा स्वर आणखी उचलून धरला होता. तात्या तंबोरा तंबोऱ्याशीं जुळवीत नव्हते, न कळत रोहित्राशीं जुळवीत होते; त्या बिचाऱ्या तारेनें दोघांची मर्जी राखावी कशी?

पण मग वलयाकार रोहित्र सगळ्यांत शांत, अशी जी त्याची ख्याति आहे, ती खोटी काय? खोटी नाहीं. तिचा उगम पाहण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

१८३१ सालीं ऑगस्टच्या २९ तारखेस लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मायकेल फॅरडे ह्यांनीं मऊ लोखंडाचें, बाहेरून ६ इंच व्यासाचें, एक कडें घेतलें. वर वेष्टन चढविलेली तार तेव्हां आजच्यासारखी बाजारांत मिळत नसे. म्हणून वेढ्यावेढ्यांमध्यें सुतळी आणि थराथरांमध्यें कॅलिकोचें कापड घालून त्यांनीं कड्याच्या एका अंगास एक व दुसऱ्या अंगास दुसरी अशा तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या केल्या. एका गुंडाळीस बॅटरी जोडतांच दुसऱ्या गुंडाळीच्या तारेजवळील चुंबकसूची हलली व पुन्हां स्थिर झाली. बॅटरी तोडतांच ती उलट बाजूस हलली. जगांतील पहिलें रोहित्र तें हेंच, आणि तें कापड व सुतळी गुंडाळलेलें कडें होतें, हें आमच्या चुंबळीच्या उपमेस मोठेंच अनुकूल आहे. तें कडें रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें अद्याप जपून ठेविलेलें आहे.

पुढें १८८५ सालीं बुडापेस्ट येथील गान्झ कारखान्यांतील झिपर्नोव्स्की, ब्लाथी व डेरी ह्या तिघांनीं बंद गाभ्याचें व्यवहारोपयोगी रोहित्र तयार केलें. त्यांच्याही दोन नमुन्यांपैकीं एक कड्याच्या आकाराचा होता. मग हा आकार मागें कां पडला? ज्यांनीं चुंबळ बांधली आहे त्या आजीबाई ह्याचें उत्तर तत्काल देतील: प्रत्येक वेढ्याला सगळी पट्टी भोंकांतून ओढून घ्यावी लागते. तारेचे शेंकडों वेढे असे हातानें घालणें म्हणजे मजुरीचा डोंगर. अमेरिकेंत विल्यम स्टॅन्ली ह्यांनीं १८८६ च्या सुमारास इंग्रजी ‘ई’ अक्षराच्या आकाराचे पत्रे कापून घेण्याची युक्ति काढली. गुंडाळी वेगळी, फिरकीवर, भराभर करावयाची आणि मग हे पत्रे तिच्यांत एक इकडून एक तिकडून खोंवावयाचे. ह्या पत्र्यांस आमच्या बाजारांत स्टॅम्पिंग म्हणतात. पुण्याच्या तपकीर गल्लींत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या रेडिओचें रोहित्र सोडवून घेतलें तर असेच पत्रे हातांत येतात.

स्टॅम्पिंगच्या रोहित्रांत दोन उणिवा राहतात. पत्रा पत्र्यास जेथें भिडतो तेथें केसाएवढी कां होईना फट राहते, व चौकोनी कोपऱ्यांत चुंबकप्रवाहाला वळण घ्यावें लागतें. ह्या दोन ठिकाणीं त्याचा कांहीं अंश गाभा सोडून बाहेर पसरतो. वलयाकार गाभ्यांत फट नाहीं आणि कोपराही नाहीं. पोलादाची एक लांबच लांब फीत घड्याळाच्या कमानीप्रमाणें गुंडाळून तो करतात. १९३४ सालीं अमेरिकेंत नॉर्मन गॉस ह्यांनीं ज्या पोलादाचें पेटंट घेतलें त्याचे कण पत्रा लाटण्याच्या दिशेनें ओळीनें बसलेले असतात, आणि त्या दिशेनें तें चुंबकप्रवाह फार सुखानें वाहून नेतें. फीत गोल गुंडाळली म्हणजे प्रवाहाची दिशा आणि कणांची दिशा सर्व वाटेवर एकच राहते. त्यामुळें तेवढ्याच शक्तीचें वलयाकार रोहित्र स्टॅम्पिंगच्या रोहित्राहून पुष्कळच हलकें व बुटकें होतें, आणि बाहेर सांडणारें चुंबकत्व त्याच्या कांहीं अंशानेंच राहतें. वेढ्यांचा प्रश्न यंत्रानें सोडविला. तार भरलेलें दुसरें एक कडें साखळीच्या दुव्याप्रमाणें पहिल्यांत अडकवितात. तें गरगर फिरतें व तार सोडीत जातें.

बाहेर सांडणाऱ्या चुंबकत्वाचें संगीतास एवढें भय कां, हें तबकडीच्या उदाहरणानें चांगलें कळेल. तबकडीवरून फिरणारी सुई जो विजेचा संकेत देते तो सुमारें ५ मिलिव्होल्टचा, म्हणजे एका व्होल्टाचा दोनशेंवा हिस्सा. तो मोठा करणारा भाग मधल्या स्वरांस शंभरपट वाढवितो. परंतु तबकडी कापतांना खर्जाचे स्वर मुद्दाम लहान करून कापलेले असतात, म्हणून ऐकतांना त्यांस आणखी वाढवावें लागतें. ५० आंदोलनांपाशीं ही वाढ एकंदर सातशेंपटीच्या घरांत जाते. रोहित्राचें सांडलेलें चुंबकत्व नेमकें ह्याच ५० आंदोलनांचें. त्याचा तिळाएवढा अंश त्या नाजुक तारांत शिरला तरी बाहेर पडतांना तो तिळाचा राहत नाहीं. म्हणून कारागीर रोहित्र सुईच्या भागापासून दूर ठेवतात, आणि वलयाकार असेल तर तें जाग्यावरच थोडें थोडें फिरवून पाहतात. कारण त्याच्या तारा जेथून बाहेर निघतात तेवढ्या बाजूसच कांहीं चुंबकत्व सांडतें. डोक्यावरची चुंबळ बायका जशी चाचपून ठीक बसवीत तसेंच हें. स्क्रू आंवळण्यापूर्वीं पांच मिनिटें ह्यासाठीं खर्चणारा कारागीर आम्हांस किंमती यंत्रापेक्षां अधिक मोलाचा वाटतो.

एवढें ऐकल्यावर वाचक म्हणतील, मग तात्यांचें रोहित्र गुणगुणलें कां? त्याचें कारण त्याच्या ह्याच गुणांत आहे. गाभ्यांत फट नसल्यामुळें तो चुंबकित ठेवण्यास फारच थोडा प्रवाह पुरतो. तात्यांच्या ॲम्प्लिफायरएवढ्या रोहित्रांत तो एखाद्या अँपिअरचा पन्नासावा भाग, म्हणजे २० मिलिअँपिअर असूं शकतो. अशा गाभ्यांतून सारखा एकाच दिशेनें वाहणारा प्रवाह, ज्यास डीसी म्हणतात, जर घुसला, तर तो थोडासा असला तरी गाभा एका बाजूस पार भरून जातो. भरलेल्या गाभ्यांत पुढचा अर्धा फेरा मावत नाहीं. तो प्रत्येक वेळीं धक्का खातो, कण्हतो. स्टॅम्पिंगच्या गाभ्यांतील फटी अशा वेळीं उपकारक ठरतात. त्यांच्यामुळें गाभा लौकर भरत नाहीं. थोडीशी ढिलाई असलेला गाभा परक्या प्रवाहास सांभाळून घेतो, आणि निर्दोष बांधणीच्या गाभ्यास तो मुळींच खपत नाहीं.

मात्र घरच्या विजेंत डीसी येतो कोठून? वीज कंपनी तो पाठवीत नाहीं. तो आपल्याच घरांत किंवा शेजारीं तयार होतो.

आम्ही तात्यांच्या घरीं लागोपाठ दोन दिवस सकाळीं जाऊन बसलों. पहिल्या दिवशीं कांहींच झालें नाहीं. दुसऱ्या दिवशीं आठाला वीस मिनिटें असतांना ॲम्प्लिफायर गुणगुणूं लागला. आवाजाचें बटण आम्ही शून्यावर नेलें, स्पीकरच्या तारा सोडविल्या, तरी गुणगुणाट तसाच. झांकणावर तळहात ठेवला तेव्हां हाताला थरथर लागली. म्हणजे दोष संकेतांत नव्हता, रोहित्रच बोलत होतें. दहा मिनिटांनीं तें आपोआप गप्प झालें. त्याच क्षणीं आंतल्या खोलींतून धाकट्या सूनबाई केस बांधीत बाहेर आल्या. त्या एका महाविद्यालयांत शिकवितात व सव्वाआठाची बस गांठतात. ज्या दिवशीं न्हाणें असेल त्या दिवशीं केस वाळविण्याचें विजेचें यंत्र त्या वापरतात.

आम्ही त्यांस तें यंत्र पुन्हां चालूं करण्याची विनंती केली. पूर्ण आंचेवर चालविलें तर ॲम्प्लिफायर मुका; अर्ध्या आंचेवर आणलें कीं पुन्हां घुंईं. दोनचार वेळां करून पाहिलें, आणि शंका उरली नाहीं. अशा कित्येक यंत्रांत अर्धी आंच मिळविण्याची युक्ति फार स्वस्त असते. विजेच्या वाटेंत एक डायोड बसवितात. तो प्रत्येक फेऱ्याचा पुढचा अर्धा भाग जाऊं देतो आणि मागचा अडवितो. उष्णता अर्धी होते खरी, पण घरच्या तारांतून वाहणारा प्रवाह मग एकाच बाजूचा होतो. पूर्ण आंचेवर १००० वॅट घेणारें यंत्र असें अर्ध्यावर चालविलें तर सरासरीनें सुमारें २ अँपिअर एकाच दिशेनें वाहतात. जुन्या इमारतीच्या तारांचा विरोध ०.४ ओहम धरला, तर घरच्या विजेंत ०.८ व्होल्टाचा डीसी मिसळला जातो. २३० व्होल्टांत हा आंकडा कोणाच्या खिजगणतींत नसावा. परंतु रोहित्राच्या पहिल्या गुंडाळीचा विरोध अवघा ३ ओहम धरला, तर त्या पाऊणएक व्होल्टानें तिच्यांतून पाव अँपिअरहून अधिक डीसी वाहूं लागतो. म्हणजे गाभ्यास जो प्रवाह पुरतो त्याच्या तेरापट.

“यंत्र तुम्ही अर्ध्या आंचेवरच कां चालवितां?” असें आम्ही विचारलें. सूनबाई क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, “पूर्ण आंचेवर त्याचा आवाज फार होतो. त्या वेळीं तात्या तंबोरा जुळवीत असतात, त्यांना त्रास नको म्हणून.”

घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं. तात्यांनीं मात्र उठून तंबोऱ्याची गवसणी काढली.

ह्यावरील उपाय लहानसा आहे. रोहित्राच्या वाटेंत दोन मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पाठीला पाठ लावून बसवितात व त्यांच्या रक्षणार्थ बाजूस डायोड जोडतात. पुढेंमागें होणारी वीज त्यांच्यांतून सुखानें जाते, एकमार्गी प्रवाह तेवढा अडतो. कांहीं निर्माते तो आरंभापासूनच आंत घालतात, आणि खरेदीच्या वेळीं हा प्रश्न अवश्य विचारावा. हें काम थेट २३० व्होल्टांच्या बाजूचें आहे. तें जाणत्या कारागिराकडूनच करवावें, घरच्या हौशी मुलाकडून नव्हे. तात्यांच्या ॲम्प्लिफायरमध्यें तें एका दुपारांत झालें.

एका हितचिंतकानें तत्पूर्वीं तात्यांच्या चिरंजीवांस दुसराच उपाय सांगितला होता, आणि त्याचा निषेध केल्याशिवाय आम्हांस पुढें जाववत नाहीं. तो म्हणजे तीन कांट्यांच्या प्लगांतील मोठा कांटा, जमिनीचा, काढून टाकणें. कित्येक घरांत असें केलेलें आम्हीं पाहिलें आहे. स्पीकरमधून येणारा एका प्रकारचा गुणगुणाट त्यानें थांबतोही, कारण दोन यंत्रांच्या जमिनींतून फिरणारा प्रवाह त्यामुळें तुटतो. परंतु उद्यां आंत एखादी तार सुटून पेटीच्या पत्र्यास टेंकली, तर तो कांटाच फ्यूज उडवून घरच्या माणसाचा जीव वांचविणार असतो. वलयाकार रोहित्राच्या कण्हण्यावर तर ह्या अघोरी उपायाचा कांहींच परिणाम होत नाहीं. ज्यांनीं तो कांटा काढला असेल त्यांनीं तो आजच्या आज पुन्हां बसवून घ्यावा.

ह्या रोहित्राच्या आणखी दोन खोडी सांगण्यासारख्या आहेत. पहिली चालूं करण्याच्या क्षणाची. गाभ्यांत मागील खेपेचें थोडें चुंबकत्व उरलेलें असतें, आणि बटण नेमकें प्रतिकूल क्षणीं दाबलें गेलें तर गाभा पहिल्याच अर्ध्या फेऱ्यांत भरून जातो. एरवीं पूर्ण भारावरही दोन सव्वादोन अँपिअर घेणारें यंत्र त्या निमिषांत कित्येक दशक अँपिअर ओढूं पाहतें. दिवे मंदावतात; कधीं मीटरपाशींचा स्विच खालीं पडतो, आणि घरांत ‘नवें यंत्र बिघडलें’ अशी हांकाटी होते. तें बिघडलेलें नसतें. मोठ्या ॲम्प्लिफायरांत ह्यासाठीं आरंभीं क्षणभर विरोध मध्यें घालून मग तो आपोआप वगळण्याची योजना असते. फ्यूज उडाला तर निर्मात्यानें सांगितलेल्याच जातीचा, सावकाश उडणारा, घालावा. जाड तार गुंडाळून काम भागविणें हा आमच्याकडील सार्वत्रिक रिवाज येथें घातक आहे.

दुसरी खोडी दुरुस्ती करणारांस ठाऊक नसली तर मोठा घोंटाळा होतो. वलयाकार रोहित्र मधल्या पोकळींतून एकच लांब बोल्ट घालून तळाशीं बसवितात. आतां हिशेब पाहा. गाभ्याचा छेद १५ चौरस सेंटिमीटर असला तर २३० व्होल्टांसाठीं सुमारें ४६० वेढे लागतात. म्हणजे वेढ्यामागें अर्धा व्होल्ट. तो बोल्ट पोकळींतून जातो, तेव्हां तोही अर्धा वेढाच. त्याचें वरचें टोंक जर पेटीच्या वरच्या पत्र्यास टेंकलें, तर बोल्ट, वरचा पत्रा, बाजूची भिंत आणि तळ असा एक पुरा वेढा तयार होतो. तो एवढ्या जाड धातूचा असतो कीं, अर्ध्या व्होल्टानेंही त्यांतून शंभराच्या घरांत अँपिअर वाहूं शकतात. रोहित्र तापून त्याचा जळका वास घरभर होतो, आणि एकही तार तुटलेली वा चुकीची जोडलेली सांपडत नाहीं. पेटीवर जड तबकड्यांची चवड ठेवून झांकण खालीं दबल्यानेंही हें होऊं शकतें. म्हणून ॲम्प्लिफायरच्या झांकणावर कांहींएक ठेवूं नये. हवा खेळण्यासाठीं तर नकोच, पण ह्यासाठींही नको.

जुन्या वाल्व्हच्या ॲम्प्लिफायरांचे शौकीन आमच्या वाचकांत आहेत, त्यांच्यासाठीं दोन शब्द. तेथें वीज पुरविणाऱ्या रोहित्राखेरीज वाल्व्ह आणि स्पीकर ह्यांच्यामध्यें दुसरें एक असतें, व सर्व संगीत त्याच्या गाभ्यांतून जातें. १९४७ सालीं डी. टी. एन. विल्यमसन ह्यांनीं ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकांत जो प्रसिद्ध आराखडा दिला त्याचें यश पुष्कळ अंशीं ह्या रोहित्राच्या कसोशीच्या गुंडाळीवर अवलंबून होतें. तें काम वलयाकार गाभ्यावर करण्याचा उद्योग पुढें नेदर्लंड्समधील मेनो व्हान डर वेन ह्यांनीं मोठ्या चिकाटीनें केला. फळ चांगलें आलें, पण स्वभाव तोच: जोडीच्या दोन वाल्व्हांचा प्रवाह समसमान ठेवला नाहीं तर गाभा रुसतो.

आतां खरेदीविषयीं. दुकानांत ॲम्प्लिफायर उचलून पाहून, जड आहे म्हणजे चांगला आहे, असें ठरविणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. ८ ओहमच्या स्पीकरमध्यें १०० वॅट घालावयाचे तर सुमारें २८ व्होल्ट लागतात, आणि लाटेच्या माथ्यावर ४०. त्यासाठीं ३५ व्होल्टांच्या दोन गुंडाळ्यांचें रोहित्र पुरतें. मध्यम आकाराच्या दिवाणखान्यांत खयाल ऐकतांना ह्यांतील पांच वॅटही क्वचित् खर्च होतात. शिवाय हल्लीं पुष्कळ निर्माते मोठें रोहित्र न घालतां वीज प्रथम अतिशय जलद तोडजोड करून, मग लहानशा गाभ्यांतून नेतात. त्यास बोल्टाची भीति नाहीं व डीसीचा त्रास नाहीं, आणि नीट केलेलें असेल तर गुणगुणाटही नाहीं. वलयाकार रोहित्राचा आग्रह तेवढ्याकरितांच धरण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. त्याच्या बाजूनें एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे: तें नीट वापरलें तर पिढीभर टिकतें, आणि बिघडलेंच तर गुंडाळी सोडवून पुन्हां करणारे कारागीर अद्याप मिळतात.

कपॅसिटर बसविल्यानंतरच्या रविवारीं आम्ही पुन्हां तात्यांकडे गेलों. ॲम्प्लिफायर चालूं होता. तात्यांनीं सूनबाईंस केस वाळविण्याचें यंत्र आणवून तें तेथेंच, त्यांच्यासमोर, अर्ध्या आंचेवर लावावयास सांगितलें, आणि स्वत: डोळे मिटून पंचमाची खुंटी सैल करून पुन्हां वर आणूं लागले. यंत्राचा फरफराट चालूंच होता. चारपांच वेळां तार छेडून त्यांनीं मणी किंचित् सरकविला.

“लागला,” ते म्हणाले. “सूनबाई, आतां तें बंद कर. आणि उद्यांपासून पूर्ण आंचेवरच लावीत जा. बस चुकते तुझी.”